किल्ली कुणाकडं?

मास्तर आयुष्यात कधी कुणाला शिकवायला गेले नाहीत. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आजोबाही तिथलेच. त्यामुळे घराला ‘मास्तरांचं घर’ आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला ‘मास्तर’ हे आपोआप चिकटलं. राहात्यात त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मला ठाऊक आहे, पण मी इथं लिहिणार नाही, कारण ते वाचतील आणि सकाळी फोन करतील. तसा तो येतोच म्हणा. नाशिकला लेकीकडं जाऊन राहिले तरी आमचा पेपर मोबाईलवर उघडून बसतात आणि मी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच, “पोरी, तिसऱ्या पानावर काय घान करून ठिवलीय गं?”

लिहिताना मास्तरांची भाषा इस्त्री केल्यासारखी. बोलायला लागले की पक्के राहात्याचे.

आमच्या पेपरचं राहात्याचं उपकार्यालय म्हणजे बाजार समितीच्या रस्त्याला शेती-औषधांच्या दुकानावरची एक खोली. खालून फवाऱ्याच्या औषधाचा वास आणि वर मास्तरांच्या पेरूंचा. पिशवीत पेरू नाही असा त्यांचा एक दिवस मला आठवत नाही. बातमी वाचत वाचत मीठ लावून खायचे आणि माझ्या मजकुरावर बिया पाडायचे. मी पत्रकारितेची पदविका घेऊन तिथं मास्तरांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा मला वाटत होतं, महिन्या-दोन महिन्यांत मी या म्हाताऱ्याला संगणक शिकवीन. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एसटी स्टँडवर पिटाळलं.

झालं असं की साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होत होता आणि मी लिहिलं, ‘ऊसतोड कामगारांचे लोंढे तालुक्यात दाखल’. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लोंढा पाह्यलास का तू?”

“म्हणजे... सगळेच लिहितात, मास्तर.”

“स्टँडवर जा. बोचकं घिऊन कुनी उतरताना दिसंल. त्यातल्या एकाचं नाव इचारून ये. मग लिही काय ल्ह्यायचं ते.”

टळटळीत दुपार. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत गेले. पाथर्डीकडच्या गाडीतून एक बाई उतरली, डोक्यावर बोचकं, हातात कोयता गुंडाळलेलं फडकं. मी काही विचारायच्या आत तिनंच मला विचारलं, कारखान्याकडं जायला गाडी कुठं लागते. मग मी तिला गाडी शोधून दिली, बोचकं वर चढवलं, खिडकीशी उभी राहून गप्पाही मारल्या. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, नावच विचारलं नाही! परत येऊन सांगितलं तर मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. ती बातमी त्या दिवशी गेली नाही ती नाहीच.

बाहेरून आलेल्या माणसांवर लिहायचं म्हटलं की मास्तरांचं सगळंच जगावेगळं. आधी त्यांच्या हातचं पाणी मागायचं. पालावर जा, वीटभट्टीवर जा, नाहीतर ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे त्या पाचटाच्या झोपड्यांवर. प्यायच्या आधी एक शब्द विचारायचा नाही. मी म्हणायचे, “मास्तर, कुठलं पाणी असतं ते, पोट बिघडेल.” तर म्हणायचे, “बिघडू दे की. त्यांचं रोज बिघडतंय.” पाणी झालं की एकच प्रश्न. कुठून आलात नाही, किती उचल घेतली नाही, काय हाल आहेत तर मुळीच नाही.

“गावाकडच्या घराची किल्ली कुणाकडं हाय?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, म्हातारा चळला. पण त्या प्रश्नावर माणसं जे बोलायला लागायची ना! किल्ली सासूकडं हाय, ती काय मला देत न्हाई. किल्ली जावेकडं, पण तिच्यावर भरवसा न्हाई, दळणाचा डबा मोजून ठेवून आले. किल्ली कशाला, पोरगी दहावीला हाय, ती आन् म्हातारी घरातच हायेत. एक बाबा म्हणाला, किल्ली इथंच हाय, आन् करदोट्याला बांधलेली दाखवली. त्या एका प्रश्नातून अख्खं घर बाहेर यायचं, भांडणासकट. मी वहीत भराभर उतरून घ्यायचे आणि मास्तर नुसते “हं, हं” करत बसायचे.

लॉकडाऊनमध्ये नगर-मनमाड रस्त्यानं माणसं पायी चालली होती, तेव्हा आमचे सगळे पत्रकार भाऊबंद त्यांच्या पायांचे फोटो काढत होते. फोड आलेले पाय, फाटलेल्या चपला. मास्तर रस्त्याकडेला पेरूची पिशवी घेऊन बसले होते. उत्तर प्रदेशातला एक गवंडी पाणी प्यायला थांबला, तर त्याला तोच प्रश्न, आपल्या राहात्याच्या हिंदीत. तो म्हणाला, चाबी बीवी के पास है, वो गाँव में ही है. “फिर तो दरवाजा खुला है तेरा,” मास्तर म्हणाले, “चल, उठ, वाट देखती होगी.” तो गडी हसत उठला. पायांचा फोटो आमच्या पेपरात आला नाही म्हणून मुख्य कार्यालयातून मास्तरांना बोलणी बसली. त्यांनी ती पेरू खात ऐकून घेतली.

मला आपलं वाटायचं, यांच्या घरात कुठंतरी पूर्वजांची गंजकी किल्ली जपून ठेवलेली असणार. कारण त्यांचे पणजोबाही दुष्काळात नेवाशाकडून चालत मिशनच्या आवारात आलेले. एकदा विचारलंच. मास्तर म्हणाले, “आमच्या घराला दारच नव्हतं म्हनं. कुलूप कुठलं लावतीस?”

आणखी एक खोड होती. ज्याच्यावर बातमी, त्याला ती छापायच्या आधी वाचून दाखवायची. जुनाट लुनावर बसून पुन्हा त्या कोपीवर जायचे आणि मोठ्यानं वाचायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी म्हणायचं, “ते आमच्या दिराचं तेवढं काढा, मार खावा लागंल.” मास्तर तिथल्या तिथं काढायचे. मी वैतागायचे. अशानं बातमीत राहील काय? पण त्यांच्या बातमीवरून कुणी घरी येऊन शिव्या दिल्या असं काही माझ्या पाहण्यात झालं नाही. माझ्या बातम्यांवरून झालंय.

आता शेफालीचं सांगते.

गावाबाहेर आमच्या एका काकूंनी ओळीनं खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. त्यातल्या एका खोलीत शेफाली आणि तिचा नवरा बापी राहायचे. बंगालमधले, पीओपीचं छत करणारे. गावातल्या निम्म्या नव्या बंगल्यांची छतं बापीच्या हातची. शेफालीसुद्धा त्याच्याबरोबर कामावर जायची, संध्याकाळी पांढऱ्या पावडरीनं माखून दोघं घरी. मंगल कार्यालयाचं मोठं काम त्यांनी नुकतंच घेतलं होतं.

एक दिवस गावातल्या एका मोबाईलवाल्या पत्रकारानं, हातात माईक आणि मागं दोन टाळकी, त्यांच्या खोलीसमोर उभं राहून व्हिडिओ केला. ‘आपल्या गावात घुसखोर?’ प्रश्नचिन्ह होतं बरं का. त्या प्रश्नचिन्हाच्या आडोशानं त्यानं दोघांचे चेहरे, खोलीचा नंबर, सगळं दाखवलं. संध्याकाळपर्यंत खोलीसमोर ही गर्दी! बापीनं आधार दाखवलं, तर एकजण म्हणाला, “आधार काय, कुटंबी मिळतंय.” काकू बिचाऱ्या घाबरून गेल्या होत्या. “मला न्हाई बाबा झंझट पायजे. उद्या सकाळी खोली मोकळी करा.” मागून कोणीतरी म्हणत होतं, सकाळ कशाला, आत्ताच करा. बापी भिंतीला पाठ लावून उभा होता. चौकी जवळच होती, पण तिथून अजून कुणी आलं नव्हतं, आणि गर्दीतली दोन-तीन पोरं सामान बाहेर काढायच्या तयारीत होती.

मी आणि मास्तर पोचलो. खरं सांगते, मी गर्दीच्या कडेलाच थांबले. मास्तर सरळ उंबऱ्यापाशी गेले, खाली बसले आणि म्हणाले, “बेटी, पानी पिलाव.”

शेफालीनं पेला भरून आणला. मास्तरांनी सावकाश, सगळं पाणी संपवलं. एक म्हातारा माणूस पाणी पीत असताना आरडाओरडा करायला लोकांनाही कसंसंच झालं असावं. जरा शांत झालं.

“गाँव में घर की चाबी किसके पास है?”

“पिसी के पास,” शेफाली म्हणाली. पिसी म्हणजे आत्या, शेजारीच राहते.

“फोन लगाव उसको. व्हिडिओवाला.”

फोन लागला. शेफाली तिच्या भाषेत रडत रडत काय काय बोलली. पडद्यावर एक म्हातारी दिसली, मग अंगण, मग दार. म्हातारीनं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं, त्याचा खट् असा आवाज फोनमधून आला. मोबाईल मास्तरांच्या हातात होता आणि त्यांच्या डोक्यावरून सगळं गाव वाकून बघत होतं. पत्र्याची पेटी, दोरीवरची गोधडी, छताला लावलेला फाटका निळा कागद. आढ्याला काहीतरी लटकत होतं, कापडाची झोळी. त्याबरोबर शेफालीनं पडद्यावर हात ठेवला.

“ए, हात काढ, दाखव की!” मागून आवाज आला. तिनं हात काढला.

मग म्हातारीनं फोन भिंतीकडं वळवला आणि गर्दीतला एकजण ओरडला, “आयला! हे तर आपल्या शेठचं कॅलेंडर!” खरंच होतं. बाजारपेठेतल्या किराणा दुकानाचं कॅलेंडर, खाली राहात्याचा पत्ता, तिथं बंगालमध्ये भिंतीला लावलेलं. बापीनं मागं कधीतरी गावी जाताना नेलं होतं. झालं, लोक हसायला लागले. कुणी शेठला फोन करून सांगितलं की तुमचं कॅलेंडर पार कलकत्त्याच्या पलीकडं गेलंय. काकू म्हणाल्या, “राहू दे गं बाई, ऱ्हावा तुमी.” अर्ध्या तासात गल्ली रिकामी.

आता मला सांगा, कॅलेंडरनं काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण त्या रात्री त्यांचं सामान रस्त्यावर आलं नाही, हेही तितकंच खरं.

मी ऑफिसला येऊन एका दमात बातमी लिहिली. ‘एका किल्लीने उघडले सत्याचे दार’. मास्तर म्हणाले, “तिला वाचून दाखवायला पायजे.” मी म्हटलं, “मास्तर, पान सोडायची वेळ झालीय, आणि तिच्या चांगल्याचंच लिहिलंय.” त्यांनी बातमी जाऊ दिली. बातमीवर स्वतःचं नाव मात्र त्यांनी घालू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बातमी अशी काही फिरली की मुख्य कार्यालयातून अभिनंदनाचे फोन आले. मास्तर फोन माझ्याकडं द्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

काही दिवसांनी मास्तरांच्या बायकोनं मला सांगितलं. त्यांना आम्ही बाई म्हणतो. शेफालीनं त्यांच्याजवळ बोलून दाखवलं होतं. ती झोळी तिच्या बाळाची होती. बाळ गेलं, म्हणून तर ती नवऱ्याबरोबर इकडं कामाला आली. घर सोडताना सगळं आवरलं, तेवढी झोळी सोडवायचं तिला झालं नाही. किल्ली पिसीला देताना सांगून आली होती, दार उघडू नकोस.

मास्तरांना हे माझ्या आधीच कळलेलं होतं, बाईंकडूनच.

आणि पुढं जे झालं त्यानं तर मास्तर पार मिटून गेले. आमची बातमी वाचून लोकांना युक्ती सापडली. घरमालक नव्या भाडेकरूला म्हणायला लागले, “गावाकडं फोन लाव, कुलूप उघडून दाखव.” वीटभट्टीवाले तेच, हॉटेलवाले तेच. तो माईकवाला पत्रकार तर कामगारांच्या खोल्यांवर जाऊन लाइव्ह करायला लागला, ‘किल्ली दाखवा’. कुणाची आजारी आई अंथरुणावर, कुणाची बहीण न्हाऊन केस पुसत बसलेली, सगळं गाव बघतंय.

त्या हिवाळ्यात आम्ही कोपरगावच्या रस्त्याला ऊसतोडीच्या कोप्यांवर गेलो होतो. एका बाईनं चुलीवरचा तवा उतरवला, तांब्या भरून आणला. मास्तरांनी हात पुढं केला, एवढ्यात तिनं आमच्या गळ्यातलं पेपरचं ओळखपत्र पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि घाईघाईनं कनवटीचा मोबाईल काढला.

“दावते, दावते घर. जाऊला फोन लावते. जरा थांबा सायेब, रेंज न्हाई इथं. खरंच पाथर्डीचं हाय आमी.”

ती बाई हात उंच करून रेंज शोधत होती. मास्तर पाणी न पिता उठले. त्यांना असं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. लुनापाशी जाऊन किती वेळ उभे होते. मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही त्या दिवशी नसता विचारलंत तर त्यांना हाकललं असतं.” आजही माझं तेच म्हणणं आहे, दुसरा इलाज नव्हता. मास्तर म्हणाले, “व्हय. पन मी इचारायचो ते मानसानं बोलावं म्हनून. आता ती बाई भ्याली बघ मला.”

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. पाणी प्यायचे, पेरू द्यायचे, आणि गप्प बसायचे. मला इतकं वाईट वाटायचं की मी उगाच काहीतरी बडबडत राहायचे.

मग एका रविवारी, चर्चहून आल्यावर, मास्तर शेफाली आणि बापीला आपल्या घरी घेऊन गेले. मीही होते. घर चर्चच्या मागच्या आळीत, दोन खोल्या आणि पडवी. बाईंनी चहा टाकला, आता बसतील, गप्पा होतील, असं वाटलं. छे! मास्तरांनी दोघांना उठवलं आणि घर दाखवायला सुरुवात केली. कपाट उघडलं. बाईंच्या साड्या, स्वतःच्या फाटक्या बनियनी. पलंगाखालची ट्रंक ओढली. मोरीतली घासायची भांडी, औषधांचा डबा, कवळी ठेवायची वाटी.

“अहो, काय चाललंय काय!” बाई ओरडल्या. “पसारा पडलाय सगळा! लाज आहे की नाही?”

“दाखवू दे,” मास्तर म्हणाले. “मी हिचं घर साऱ्या गावाला दाखवलं. आता हिनं माझं बघू दे.” आणि शेफालीला, “देख बेटी. सब देख. ये भी देख,” म्हणून देवाच्या तसबिरीमागं लपवलेली बिडी काढून दाखवली. बाईंना त्या बिडीचा पत्ता नव्हता. त्यावरून जो हलकल्लोळ झाला, त्यात शेफाली पहिल्यांदा हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि बाईंनी तिला जवळ घेतलं. बापी दारात उभा राहून छताकडं बघत होता. म्हणाला, मास्टरजी, ये छत गिरेगा, मैं ठीक कर देगा. आणि त्यानं ते खरंच केलं, एक पैसा घेतला नाही.

बाईंचे गुडघे गेले तशी लेक दोघांना नाशिकला घेऊन गेली. निरोपाच्या दिवशी मी स्टँडवर गेले होते. मला वाटलं, आता मास्तर खिशातून घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवतील. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, ऑफिस माझ्यावर सोडून चाललेत, किल्ली आणखी कुणाला देणार? मास्तरांनी मला पेरू दिला. गाडी गेली. मी रागारागात तो तिथंच खाल्ला.

परवा मास्तरांचा फोन आला. चुका सांगून झाल्या आणि म्हणाले, “पोरी, घरी माझा जुना शब्दकोश हाय, फडताळात. घिऊन ये आन् कुनी नाशिकला येनारं असंल त्याच्याबरोबर पाठव. किल्ली शेफालीकडं हाय.”

आता बोला! म्हणजे एवढे दिवस किल्ली शेफालीकडं होती. मला हेवा वाटला, का खोटं बोलू?

मी काकूंच्या खोल्यांवर गेले. शेफाली आता मराठी बोलते, आपल्यासारखीच, मधूनच एखादा शब्द घसरतो. ओढणीला गाठ मारून किल्ली बांधलेली. लगेच माझ्याबरोबर निघाली. घरापाशी आलो, तिनं कुलूप काढलं, आणि मी चप्पल काढून आत जायला लागले तर ही दारात आडवी.

“दीदी, तुम्ही हितं बसा. मी आणते.”

“अगं, मी काय परकी आहे का? या घरात मी शंभरदा जेवलेय.”

“मास्तर मला बोलले नाय, दीदीला आत घे.”

“थांब, फोन लावून देते त्यांना. तूच विचार.” मी मोबाईल काढला.

“फोन नको,” शेफाली म्हणाली. शांतपणे, पण असं म्हणाली की मी मोबाईल परत पर्समध्ये टाकला. “त्यांचं घर हाय. ते नाय हितं.”

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी पायरीवर बसले. चिडले होते खरी. आत फडताळ उघडल्याचा आवाज आला, भांड्याचा आवाज आला. मग दार किलकिलं करून ती बाहेर आली, एका हातात शब्दकोश, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. दार पुन्हा ओढून घेतलं.

“पानी घ्या आधी,” ती म्हणाली. मी घेतलं.

रात्री मास्तरांना फोन केला. म्हटलं, “मास्तर, शब्दकोश मिळाला. पण तुमच्या त्या शेफालीनं मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.”

“आत गेल्यावर दार लोटून घ्येतलं का तिनं?”

“हो. घेतलं की. माझ्या तोंडावर.”

मास्तरांनी पेरूचा एक चावा घेतल्याचं फोनवर ऐकू आलं.  मग म्हणाले,

“ब्येस.”